मराठी नोट्स वाचून दाखवणारा एज ब्राउझर : डिस्लेक्सिया असलेल्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी कितपत कामाचा?

मायक्रोसॉफ्ट एज हा ब्राउझर विंडोज १० आणि ११ असलेल्या संगणकावर आधीपासूनच असतो आणि बहुतेक जण तो क्रोम डाउनलोड करण्यापुरता उघडतात. त्यात रीड अलाउड (पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी) आणि इमर्सिव्ह रीडर (पान साधे करून फक्त मजकूर दाखवणारी) अशा दोन सोयी आहेत. दोन्ही फुकट आणि दोन्हींत मराठी चालते. अध्ययन अक्षमता असलेल्या, विशेषतः वाचनाची अडचण (डिस्लेक्सिया) असलेल्या आणि मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा किती उपयोग होतो, हे या परीक्षणात पाहायचे आहे. निकाल आधीच सांगतो. आवाजाला पाचपैकी चार, पानाच्या मांडणीला साडेतीन. पण कॉलेजात प्रत्यक्ष फिरणाऱ्या नोट्सवर हीच सोय वापरली तर एकसुद्धा गुण देववत नाही, आणि त्यात दोष एजचा नाही.

आधी गरज कोणाची, ते पाहू. शाळेत वाचनाचा भार धड्यांपुरता असतो, शिवाय घरचे कोणीतरी वाचून दाखवते. एफवायला आल्यावर एकेका विषयाची दोन-तीनशे पाने समोर येतात आणि वाचून दाखवणारे कोणी नसते. मराठीत अडचणीच्या जागाही ठरलेल्या आहेत. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या दिसायला जवळच्या जोड्या. ख सुटा छापला की त्याचा र आणि व होणे. र तर रफार, रकार आणि ट्र-ड्रमधला असा नाना रूपांत येतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. ‘अर्थव्यवस्थेच्या पुनर्रचनेसंबंधीच्या’ यासारख्या शब्दांत यातले बरेच एकत्र येते आणि विद्यार्थी तिथेच अडकून बसतो, ओळ हातची जाते. विषय कळत नाही असे मुळीच नसते. तोच उतारा कानावर पडला की तो उत्तर देतो. म्हणून वाचून दाखवणारे साधन त्याच्यासाठी चष्म्याइतके साधे असायला हवे.

सुरुवात कशी करायची

एजमध्ये मराठी मजकुराचे पान उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, यू ही बटणे एकत्र दाबा. वर एक पट्टी येते आणि वाचन सुरू होते. पट्टीतल्या व्हॉइस ऑप्शन्समध्ये वेग आणि आवाज निवडता येतो. यादीत खाली जाऊन मराठीचे आवाज शोधा. आरोही हा बाईचा आवाज आहे, मनोहर पुरुषाचा. दोन्हींच्या नावापुढे ऑनलाइन आणि नॅचरल असे लिहिलेले असते. त्यातला ऑनलाइन हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचा त्रास आहे.

इमर्सिव्ह रीडरसाठी एफ-९ दाबा. जाहिराती, बाजूचे रकाने, फोटोंच्या पट्ट्या सगळे जाते आणि फक्त मजकूर उरतो. प्रत्येक संकेतस्थळावर हे चालत नाही. पानात सलग लेख आहे असे ब्राउझरला वाटले तरच एफ-९ काम करते. नाही चालले तर हवा तो मजकूर निवडा, उजवे बटण दाबा आणि निवडलेला भाग इमर्सिव्ह रीडरमध्ये उघडण्याचा पर्याय घ्या. हा आडमार्ग बहुतेक विद्यार्थ्यांना कोणी दाखवलेलाच नसतो, आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

वर्डची फाइल असेल तर ती वनड्राइव्हवर चढवून ब्राउझरमधल्या फुकट वर्डमध्ये उघडा. तिथे व्ह्यू या टॅबखाली इमर्सिव्ह रीडर आहे. संगणकात बसवलेल्या वर्डमध्ये मात्र एक खोच आहे. मजकुराची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असेल तर वर्ड इंग्रजी आवाज घेते आणि मराठीपुढे गप्प बसते किंवा अडखळते. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज या वाटेने मराठी निवडली की प्रश्न सुटतो.

आवाज

आरोहीचा आवाज स्पष्ट आहे. वाक्याचा चढउतार माणसाच्या जवळ जातो आणि जोडाक्षरे चुरगाळली जात नाहीत. जुने यांत्रिक आवाज अर्धा तास ऐकले की डोके दुखायचे, इथे तासभर सहज ऐकता येते. वाचताना चालू शब्दावर रंग सरकत राहतो. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यासाठी आवाजापेक्षा हा सरकता रंग कदाचित जास्त मोलाचा आहे, कारण ओळ सुटत नाही आणि कान व डोळे एकाच शब्दावर राहतात. नुसते ऐकले तर मन भरकटते, नुसते पाहिले तर शब्द अडतो.

वेग सुरुवातीला नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. पहिल्यांदा ऐकताना डोळे पडद्यावर हवेत. त्याच धड्याची उजळणी करताना वेग वाढवून, डोळे मिटून ऐकले तरी चालते. उलटे केले, म्हणजे पहिल्याच वेळी वेगात ऐकले, तर शेवटच्या परिच्छेदापर्यंत काहीच हाती लागत नाही आणि दोष साधनावर जातो.

कुठल्याही आवाजाची परीक्षा घ्यायची तर त्याला असे एक वाक्य द्या : ‘इ.स. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली (पाहा : प्रकरण ३, पृ. ४२).’ टिंबाने तोडलेली संक्षिप्त रूपे, सन, कंस, पृष्ठांक या जागी मराठी आवाज अडखळतात की नाही ते एका वाक्यात कळते. आवाज ‘इ.स.’नंतर वाक्य संपल्यासारखा थांबत असेल, तर नोट्स तयार करणाऱ्यानेच तिथे ‘इसवी सन’ असे लिहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

तक्ते, समीकरणे आणि ताळेबंद यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. अकाउंटन्सीचा ताळेबंद सलग ऐकला तर डाव्या-उजव्या बाजू एकमेकांत मिसळतात आणि आकड्यांची नुसती रांग कानावर पडते. अर्थशास्त्रातले आलेख तर मुळात चित्रेच. तिथे माणूसच लागतो. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने या साधनाकडून अर्ध्याच अभ्यासक्रमाची अपेक्षा ठेवावी.

खरी अडचण फाइलची

आता मुख्य गाऱ्हाणे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येणाऱ्या मराठी पीडीएफ तीन जातींच्या असतात आणि त्यांतली एकच जात एज वाचू शकतो.

पहिली जात युनिकोडची, म्हणजे जिच्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलेले असते. ती वाचली जाते. दुसरी स्कॅनची, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकाचे फोटो काढून बनवलेली. त्यात अक्षर नसतेच, फक्त चित्र असते. रीड अलाउड दाबले की काही होत नाही. तिसरी जात सर्वांत फसवी : श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएमच्या डीव्हीबी घराण्यातल्या जुन्या फाँटांत टाइप केलेली. पडद्यावर सुबक मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, ज्यांच्यावर मराठीचे रूप चढवलेले आहे. आवाज आतले वाचतो, वरचे नाही. मग आरोही अचानक अगम्य बडबड करू लागते आणि विद्यार्थी समजतो की अॅप बिघडले. विद्यापीठांच्या जुन्या स्वयंअध्ययन पुस्तिका, डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या विभागाच्या नोट्स, बऱ्याच प्रश्नपेढ्या या जातीतल्या आहेत.

ओळखायची रीत सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरे, कंस आणि विरामचिन्हांची खिचडी आली तर जुना फाँट. ओळ निवडताच येत नसेल तर स्कॅन. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी प्रत्येक विभागाने फाइल पाठवण्यापूर्वी केली, तर पुढचे तीन परिच्छेद लिहायची गरज पडली नसती.

युनिकोड पीडीएफही शंभर टक्के सुरक्षित नाही. पीडीएफ बनताना देवनागरीचा क्रम कधी कधी मोडतो. नोटपॅडमध्ये पहिली वेलांटी भलत्या जागी गेलेली दिसते, शब्दाच्या मधोमध मोकळी जागा पडलेली असते. आवाज त्या तुटक्या शब्दाचे दोन तुकडे वाचतो. शिवाय प्रत्येक पानाच्या वरचे पुस्तकाचे नाव आणि खालचा पृष्ठांक वाक्याच्या मध्ये येऊन बसतो. म्हणून नियम एकच : पीडीएफ नको, ज्या वर्ड फाइलमधून ती बनवली ती मागा.

जुन्या फाँटची फाइल युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यासाठी फाँटचे नेमके नाव ठाऊक लागते. अॅडोबी रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फाँट्सचा टॅब पाहिला की नाव सापडते. एकाच कंपनीच्या दोन फाँटांत अक्षरांची मांडणी वेगळी असू शकते, त्यामुळे अंदाजाने कन्व्हर्टर निवडला तर निम्मी जोडाक्षरे चुकतात. मूळ फाइल हाताशी असेल तरच हा मार्ग धरावा.

नसेल, तर गूगल ड्राइव्ह. स्कॅन किंवा जुन्या फाँटचे पान चित्र म्हणून जतन करा, ड्राइव्हवर चढवा, संगणकावर त्या फाइलवर उजवे बटण दाबून ओपन विथ आणि मग गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली मराठी मजकूर तयार झालेला मिळतो. चित्र २ एमबीच्या आत ठेवा, पान सरळ असू द्या आणि उजेड सारखा पडू द्या. जाड पुस्तक दाबून न धरता फोटो काढला तर शिवणीकडची ओळ वाकते आणि त्या बाजूचे शब्द गळतात. दोन रकान्यांचे पान असेल तर प्रत्येक रकान्याचा फोटो वेगळा काढा, नाहीतर डावी-उजवी ओळ एकत्र शिवली जाते. जुन्या फाँटची पीडीएफ तशीच्या तशी चढवू नका, आधी तिचे चित्र करा. नाहीतर आतला कचराच पुन्हा हाती येऊ शकतो.

मजकूर मिळाला की वर्ड फाइल म्हणून उतरवून घ्या. गूगल डॉक्सच्या पानावर एजचे रीड अलाउड नीट चालत नाही, कारण तिथे अक्षरे पडद्यावर रेखाटलेली असतात, साध्या वेबपानासारखी नसतात.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. चित्रातून मजकूर काढताना होणाऱ्या चुका कोणत्या? भ-चा म, ध-चा घ, ख-चा रव, गळालेला अनुस्वार, हरवलेला रफार. म्हणजे वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला ज्या जोड्यांत गोंधळ होतो, नेमक्या त्याच जोड्यांत यंत्राचाही होतो. या चुका त्याला डोळ्यांनी सापडणार नाहीत. तरी कॉलेजे त्याच्याच हातात अॅप देऊन मोकळी होतात. मुद्रितशोधन दुसऱ्याने करायला हवे. वर्गमित्र, एनएसएसचे स्वयंसेवक, ग्रंथालयातला कर्मचारी, कोणीही चालेल. मूळ पान समोर ठेवून, आवाज लावून ऐकत तपासले तर काम लवकर उरकते. कानाला चूक चटकन खटकते, डोळा तिच्यावरून घसरतो.

असे करणे कायद्यात बसते का, असा प्रश्न ग्रंथपाल हमखास विचारतात. बसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ (१)(झेडबी) आले. नेहमीच्या छापील रूपात पुस्तक वापरता न येणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न कमावता, सुलभ प्रत करायला त्याने मोकळीक दिली आहे. ती प्रत फक्त अशा विद्यार्थ्यांपर्यंतच जाईल एवढी काळजी घ्यायची. सगळ्या वर्गाच्या गटावर टाकायची नाही. आधीच तयार प्रत शोधायची असेल तर २०१६ साली सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय पाहावे. तिथे छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्यांना सभासद होता येते, डिस्लेक्सियाही त्यात धरतात. मात्र आपल्या विद्यापीठाने नेमलेले मराठी पुस्तक तिथे असेलच असे धरून चालू नये.

मांडणी : अक्षर, रंग, ओळ

इमर्सिव्ह रीडरमध्ये अक्षराचा आकार, ओळी-शब्दांतील अंतर, पानाचा रंग आणि लाइन फोकस बदलता येतो. लाइन फोकस म्हणजे एक, तीन किंवा पाच ओळी उजळ ठेवून बाकीचे पान झाकणे. तीन ओळींपासून सुरुवात करा. एकाच ओळीत मराठीचे लांब वाक्य मावत नाही आणि वाक्याचा धागा तुटतो. रंगाबाबत फार ताणू नये. पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर पान काहींना बरे वाटते, काहींना फरक पडत नाही. विद्यार्थ्याला ठरवू द्या.

अंतर वाढवताना मराठीत एक काळजी घ्यायची. ओळींमधले अंतर वाढवलेले चांगलेच, कारण वरची मात्रा-वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत. पण साध्या वर्डमध्ये अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द अधिकच अनोळखी दिसतो. इंग्रजीसाठी दिलेला सल्ला इथे आंधळेपणाने उचलायचा नाही. ओपनडिस्लेक्सिक नावाच्या फाँटचेही तेच. तो रोमन लिपीसाठी आहे, देवनागरीला लावला तरी अक्षर दुसऱ्याच फाँटमध्ये दिसते. छापील नोट्ससाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एखादा साधा, एकसारख्या जाडीचा फुकट फाँट, १४ पॉइंट, दीडपट ओळी आणि डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळा मजकूर पुरेसा आहे. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये वेडीवाकडी भगदाडे पडतात.

नेट गेले की

मराठीचे दोन्ही आवाज नेटवरूनच येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट बंद असेल किंवा फायरवॉलने अडवले असेल तर आरोही-मनोहर हाती लागत नाहीत आणि संगणकात हिंदी आवाज असेल तर तोच हाती येतो. तो मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचतो. चमचा, जग, ळ यांचे उच्चार ऐकवत नाहीत. नेटशिवाय मराठी हवीच असेल तर एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरमध्ये ई-स्पीकचा मराठी आवाज आहे. पण एनव्हीडीए अंध वापरकर्त्यांसाठी बनवलेला आहे, तो पडद्यावरचे प्रत्येक बटण वाचतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या विद्यार्थ्याला ही कटकट नको असते, आवाजही कोरडा आहे. त्यापेक्षा अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या मराठी आवाजाची फाइल आधीच उतरवून ठेवावी आणि सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीखालचे सिलेक्ट टू स्पीक सुरू करावे. बसमध्ये, रेंज नसताना तेच कामी येते.

नेटवरचा आवाज म्हणजे मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. त्यामुळे वैद्यकीय अहवाल आणि दिव्यांग प्रमाणपत्र त्यातून वाचून घेऊ नये.

लिहिण्याचे काय

एज वाचतो, लिहीत नाही. लिहिण्यासाठी क्रोममध्ये गूगल डॉक्स, टूल्समधले व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. शुद्धलेखन आश्चर्य वाटावे इतके बरे येते, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता बरीच कमी होते. पण मराठीत बोलून विरामचिन्हे देता येत नाहीत, पूर्णविराम हाताने टाकावा लागतो. दुसऱ्या टॅबवर गेले की ऐकणे बंद पडते. प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या लेखनाला उत्तम, वर्गात बसून टिपणे घ्यायला निरुपयोगी.

याचा एक फायदा परीक्षेत दिसतो. लेखनिक, म्हणजे बोलीत रायटर, घेऊन पेपर देणे हे वेगळे कौशल्य आहे. आधी मनात वाक्य जुळवायचे, मग सांगायचे, सांगितलेले लक्षात ठेवून पुढे जायचे. आयत्या वेळी हे जमत नाही. सत्रभर बोलून लिहिण्याची सवय झालेला विद्यार्थी रायटरसमोर गडबडत नाही.

पेपरमध्ये एज वापरू देतील हे गृहीत धरू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता २१ प्रकारांत आली. २९ ऑगस्ट २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लेखनिक, संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय आणि तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ दिला होता. म्हणजे अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे. या सूचना ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. त्याहून कमी प्रमाण पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी ऑगस्ट २०२२मध्ये वेगळ्या सूचना आल्या. आता कोणत्या सूचना लागू आहेत ते परीक्षा विभागाकडे विचारून घ्या. संगणकावर पेपर द्यायचा असेल तर यंत्र एक दिवस आधी तपासू देण्याची तरतूद २०१८च्या सूचनांत होती. ती अर्जात लिहून मागा आणि तपासायला जाल तेव्हा युनिकोडमधली जुनी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर सोबत न्या. मराठी कळफलक चालतो का, फाँट उघडतो का, हे नुसता संगणक सुरू करून कळत नाही. अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्यावा. हॉलतिकीट आल्यावर दिलेल्या अर्जाला परीक्षा विभागाकडे ‘आता उशीर झाला’ हे उत्तर तयार असते.